बोटभर लेस

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून डोळे मिटून बसवलेल्या मास्तरांना बाकावरच्या शेजारणी नुसत्या ऐकू येत होत्या.

"आत्या, तुझ्या विणायच्या उशीवरची लेस पाहिली मी सकाळी."

"दोऱ्यांना लोंबणाऱ्या रिळांना हात नाही ना लावलास?"

"नाही गं. पण लेसचा गोल केव्हाच पुरा झालाय. टोक सुरुवातीला जोडायचं सोडून तू आपली त्याच्यावरून पुढे विणतच गेलीयस."

"दिसत नाही मला. म्हणून तर इथे आलेय ना?"

"दिसत नाही म्हणतेस, पण वीण कुठ्ठे चुकली नाही. सुरुवातीचे फास बोटांना लागले नाहीत?"

"लागले."

"मग?"

"त्या फासांतून एकेक दोरा ओढायचा, गाठ मारायची, मग कापून टाकायचा. लेस उतरली, उशी रिकामी. सुरुवात तुझ्या आईच्या हातची आहे."

"आई गेली तेव्हा बोटभरच तर झाली होती."

"तेवढीच. तिचा हात घट्ट. चाचपडलं तरी कळतं."

नंबर पुकारला. मास्तरांचाच होता. ते उठले नाहीत.

"आता जोडायची तर जादाचं उसवावं लागेल, आत्या."

"उसव की. माझं हवं तेवढं उसव. तिच्या बोटभराला धक्का लावू नकोस."