सातवीच्या वहीतलं हृदय

...नाही हो काका, एका पाकिटानं काय होतंय, दुकानात असतील तेवढ्या सगळ्या ग्लूस्टिक काढा — आणि कागद, लाल आणि निळा, बाकीचे रंग नकोत — आज मी हवेत आहे, तेव्हा काही विचारू नका. बरं, विचारा! वाढदिवस कसला, माझ्या सातवीच्या पोरांनी आज माझी लाज राखली. इतकी वर्षं मी फळ्यावर हृदय काढायचे, पोरं मुकाट उतरवून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की वर्ग चिडीचूप. मग म्हटलं, वहीच बोलती करू — कागदाचं हृदय कापायचं, वहीत चिकटवायचं, त्याला उघडणारे कप्पे, कप्प्यांना झडपा, आणि झडपेखाली ज्यानं त्यानं आपल्या शब्दांत लिहायचं. तर काय, मधल्या सुट्टीतसुद्धा कुणी जागचं हलेना! पण कपटे, काका — वर्गभर कपटे. काल मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून सुनावलं, हा विज्ञानाचा तास आहे की बालवाडी? उद्या येऊन बसते, पोरांना काही येत नसेल तर हे सगळं बंद.

आल्या. आणि बसल्या कुठं, तर आमच्या बडबडीशेजारी — वर्गातली सगळ्यात आगाऊ पोर, मला घामच फुटला. बाईंनी तिची वही ओढली, झडप धरली आणि उलट्या बाजूनं खेचली — टर्रकन फाटली. आणि ही बया काय म्हणते? "असू दे बाई, खऱ्या हृदयातही असंच होतं. झडप फाटली की रक्त उलटं फिरतं, माणसाला धाप लागते." बाई म्हणाल्या, मग करायचं काय? "दुरुस्त करायची. गोंद देऊ?" — आणि बाई चिकटवत बसल्या हो, घंटा होईपर्यंत! जाताना एवढंच म्हणाल्या, आठवीलाही सुरू करा. म्हणून ही खरेदी.

एकटीनं करते का हे सगळं? छे, गणिताचे सर आहेत ना. आधी तेच चिडवायचे, हस्तकलेच्या बाई म्हणून — आणि आता शाळा सुटल्यावर थांबून कपटे झाडतात, घड्या घालून देतात. काय सुबक घडी असते त्यांची! बोटं लांब आहेत ना — म्हणजे, घडीला बरी पडतात. परवा कात्री देताना — नाही, काही नाही, कात्रीच दिली. हसता काय? नवा ड्रेस? हा नवा कुठला, रोजचाच — बरं, रोजचा नाही. माझी आई आली पेन घ्यायला तर तेवढं बोलू नका, ती लगेच सरांच्या आईला गाठेल, आणि सरांनी तर अजून काही विचारलेलंसुद्धा नाही, म्हणजे विचारलं तर मी लगेच हो म्हणेन असं नाही — म्हणेन, पण लगेच नाही, निदान घोटभर पाणी तरी —

काका, दारात कोण उभंय? सर? कधीपासून?... आता तुम्ही बोला. काहीही बोला.