पास्कूला दिलेली परवानगी

—सैल नको, टेप ताणून धरा. पास्कूनं सांगितलं असेल, जरा सैल धरा म्हणून. त्याच्याकडं आधी गेलात ना? लपवू नका, कमिशनर साहेब, आल्याच्या चहाचा वास येतोय तुम्हाला. कोर्टानं पाठवलेला माणूस एकाच बाजूचा चहा पितो — बरं, पिऊ दे. मी चहा विचारणार नाही. मला काही झाकायचं नाही, म्हणून विचारणार नाही.

लिहा. इनास रुमाव, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण तिसरी, केळीची वाडी, तालुका वसई. ही वाट सहा फूट, माझ्या वाडीच्या बरोबर मधून पास्कू डाबरेच्या दारात जाते. हिच्यावर माझ्या पोराचं, लेस्लीचं घर व्हायचंय. नकाशा तयार आहे. पाया खणायचा तर मधे ही आडवी. आमचा वकील सांगतो — माणूस वीस वर्षं उघडपणे, कोणाला न विचारता चालला तर वाटेवर त्याचा हक्क बसतो, कायमचा. पण मालकाच्या परवानगीनं चालला असेल तर मालक कधीही बंद करू शकतो. मग पास्कू कशानं चालला? परवानगीनं. नव्व्याण्णवच्या पावसाळ्यात त्याची मागची वाट पाण्याखाली गेली, तेव्हा मी दिली. तोंडी. लिहिलंत? दाखवा. चष्मा घरात आहे, पण ओळी मोजता येतात मला.

काय? कोणत्या शब्दांत दिली? हे प्रश्न त्यानं शिकवले का तुम्हाला? तो म्हणतो, इनासनं मला कधी अडवलं नाही — खरं आहे, नाही अडवलं. अडवायचं म्हणजे 'अरे' तरी म्हणायला लागतं, आणि त्या माणसाला 'अरे' म्हणायला माझी जीभ काय रस्त्यावर पडलीय? अठ्ठ्याण्णव साली, माझ्या भाचीच्या साखरपुड्यात, भर मांडवात म्हणाला — इनासच्या विहिरीचं पाणी खारं झालं. खारं! चाखा तुम्ही — चाखा ना, मागं काय सरकता? मचूळ लागेल थोडं, उन्हाळा आहे. त्या दिवसापासून अबोला. एक शब्द नाही. चर्चमध्ये फादर सांगतात, शेजाऱ्याला शांतीचा हात द्या — तो उजवीकडं बसतो, मी डावीकडं. सहा फादर बदलले, मी जागा नाही बदलली. कोणालाही विचारा गावात. माझी बायको, रेमेत, गेली तेव्हा तो याच वाटेनं आला, भिजत, मेणबत्ती घेऊन. तिच्या पायाशी बसून रडला, बहीण मानायचा तिला. मी तोंड उघडलं नाही. 'ये' म्हटलं नाही, 'जा' म्हटलं नाही. सोपं वाटतं तुम्हाला? सगळं घर रडतंय, आणि खांद्यावर हात ठेवायला जवळ एकच माणूस, तोही —

ते लिहू नका. ते वाटेचं नाही.

असे काय बघता? हो, अबोला अठ्ठ्याण्णवचा. हो, वाट नव्व्याण्णवची. आधी अबोला, मग वाट — तर काय झालं?

थांबा. पेन थांबवा.

म्हणजे परवानगी दिली असेल तर मी बोललो. आणि बोललो नाही, तर परवानगी नाही. असंच ना? लेस्ली काल दिवसभर हेच घोकून घेत होता — बा, 'जा रे पास्कू' म्हणालो, एवढंच सांगा. तीन शब्द. तीन शब्दांत पोराचं घर उभं राहतं. आणि तुमचा कागद कोर्टात मोठ्यानं वाचतील, तो समोर बाकावर बसलेला असेल, मागं गाव — आणि सगळ्यांना कळेल, इनास आधी बोलला.

खोडा ती ओळ. परवानगीची. नीट रेघ मारा, मी बाजूला सही करतो. लेस्लीचं मी बघतो, ते तुमचं काम नाही.

झालं? उचला टेप, निघा. — त्या वाटेनं कुठं चाललात? ती पास्कूची. माझ्याकडं आलात, माझ्या केळीतून जा.