सासुरवाडीचा नारळ

आकाराम : आदी पानी तरी पी, आक्का. नारळाचं मागनं बघू.

अंजना : पाणी पिते. पण मागनं नको रे, आका. उद्या सकाळी तुझे दाजी प्रचाराला निघणार. कोरेगावच्या डाकबंगल्यात थांबलेत. इथं जोतिबाच्या पायरीवर तू पहिला नारळ फोडल्याशिवाय त्यांची गाडी कधी हललेली नाही. बासष्टला तू, सदुसष्टला तू, बहात्तरलाही तूच.

बनुबाई : बासष्टला फोडला तवा पडलं हुतं की दाजी.

अंजना : पडले. पण त्या साली आपल्या गावच्या पेटीत दुसऱ्या कुणाचं मत निघालं नव्हतं, बनू. तालुक्यानं पाडलं, सासुरवाडीनं सांभाळलं, असं अजून चारचौघांत सांगतात ते.

आकाराम : सांगत्यात व्हय? सदुसष्टला मी सायकलीला भोंगा बांधून माणच्या शिवंपतोर फिरलोय. घसा बसला, महिनाभर म्हशीला हाक मारता येईना. निवडून आल्याव गुलालाचा पयला टिळा दाजींनी मला लावला, मग देवाला.

अंजना : आणि बहात्तरला समोरच्याचं डिपॉझिट गेलं.

आकाराम : त्याच साली दुस्काळ. उपमंत्री झालं आन पयलं काम आपला पाझर तलाव काढला. दुसऱ्या गावच्या बाया खडी फोडाय कुठं कुठं जात हुत्या, आपल्या बाया दिवस मावळायला घरी. लोकं इसरली न्हाईत. मीबी इसरलो न्हाई.

अंजना : मग?

आकाराम : मग काय? दिवसभर चावडीम्होरं बसत्यात आन माझ्या तोंडाकडं बघत्यात. आकाराम नारळ फोडतोय का न्हाई, येवढंच. फोडला तर गाव दाजींचं. न्हाई फोडला तर गाव पल्याडच्यांचं.

अंजना : आणि आपल्या गावाकडं बघून सगळ्या वाड्या. म्हणून तर मी आले. या खेपेला वारं उलटं आहे. गेल्या साली लोकसभेला बघितलंस ना, भले भले गेले. आठवड्यापूर्वी सांगलीला विश्रामबागेत यांची सभा होती. आता राज्यमंत्री झालेले हे बोलायला उभे राहिले आणि पुढच्या रांगेतली माणसं उठून गेली. कुणी ओरडलं नाही, काही नाही. नुसती उठून गेली. हे रिकाम्या खुर्च्यांशी बोलत राहिले.

बनुबाई : शालन, आगं आत्याबाईंचा सोमवार हाय. च्या नगं टाकूस, शेंगांचा लाडू आण. आन पाया पड त्यांच्या.

(शालन, आकारामची सून, वाटी ठेवून वाकते. अंजनाचा हात तिच्या डोक्यावर जातो. सणासुदीला शेकडो लेकीसुनांच्या डोक्यांवरून फिरलेला हात.)

अंजना : अष्टपुत्रा सौभाग्यवती भव.

आकाराम : जा बाळा. आत जा तू.

अंजना : अगं बाई... काय बोलले मी? सवयीनं गेलं तोंडातून. शालन, अगं...

बनुबाई : गेली ती. ऱ्हाऊ द्या, वन्सं. आठ कुणी मागितलं हुतं? येक हुता, त्यो ऱ्हायला असता तरी बास हुतं.

आकाराम : बनू.

बनुबाई : काय बनू? किती दिस गप बसायचं? मघापासनं पाझर तलाव चाललाय, गुलाल चाललाय. त्यो नसबंदीचा क्यांप कुणीच काढंना. साताऱ्यात सभेत दाजी म्हणलं, लोकास्नी सांगतो ते आदी माझ्या घरापासनं करतो. घरात त्यांच्या हुतं कोण? सवताचं पोर न्हाई, म्हणून आमचं दिलं.

आकाराम : जीभ आवर! माझी थोरली भन हाय ती.

अंजना : बोलू दे तिला, आका. तिच्या पोटात आहे ते बाहेर येऊ दे.

आकाराम : पर ते खरं न्हाई. दाजींनी आपल्या पोराचं, मानसिंगचं नाव घेतलं न्हवतं. सासुरवाडीपासनं सुरवात, येवढंच म्हणलं. शाळंम्होरं मांडव पडला, डाक्टर आलं, फोटूवाला आला. दुपार टळली तरी गावातलं येक माणूस म्होरं येईना. मामलेदार घाम पुसत माझ्याकडं बघाय लागला. मला वाटलं, मंत्र्याचा मेव्हणाच मागं सरला म्हणत्याल. दाजींनी शब्द दिलाय आन आपुन त्यो पाडायचा? मीच पोराच्या खांद्याव हात टाकला. चल म्हणलं. त्यो म्हणला, आबा, माझा पिराजी येकलाच हाय अजून. मी म्हणलं, येक असला तरी राजासारखा हाय की.

अंजना : आका...

आकाराम : त्यो गेला आन मागनं सारं गाव रांगंत हुबं ऱ्हायलं. संध्याकाळच्याला मामलेदारानं माझा हात हातात घेतला. लय फुगलो मी त्या दिवशी, आक्का. दाजींची इज्जत राखली म्हणून.

बनुबाई : आन गेल्या आखाडात घटसर्पानं पिराजी गेला. राजासारखा गेला.

अंजना : तार वाचली आणि हे दोन दिवस जेवले नाहीत. मानसिंगला मुंबईला बोलावून घेतलं, मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरला दाखवलं. परत जोडता येतं म्हणाले होते...

बनुबाई : आलं न्हाई.

आकाराम : दाजींनी केलं, मी न्हाई म्हणत न्हाई. पर इथं आलं न्हाईत. मयताला उलटी तार आली. मागनं फळांची पाटी घिऊन डायव्हर आला. मला काय फळं खायाची हुती? या सोप्यात बसून मानसिंगम्होरं येकदा मान खाली घालायची हुती. दुसरं काय मागितलं नसतं कुणी.

अंजना : त्यांना धीर होत नाही रे. मी बघते ना. देवाला कधी हात न जोडलेला माणूस, मी पूजेला बसले की मागं येऊन उभा राहतो. त्या लेकराच्या नावानं एक फूल वाहा, म्हणतात. नाव घेत नाहीत. नाव घेतलं की आवाज जातो.

बनुबाई : सभंत जात न्हाई वाटतं आवाज.

अंजना : जातो गं आता. सभेतही जातो.

बनुबाई : आन मतं मागाय तुमास्नी धाडलं.

अंजना : धाडलं नाही. मी जाऊ का, म्हणून मीच विचारलं. ते गप्प बसले. गप्प बसले म्हणजे हो, एवढं मला इतक्या वर्षांत कळतं. मानसिंग कुठं आहे? आत्या आली आणि तो घरात नाही? साताऱ्याला आमच्याकडं राहून शिकला पोरगा. शाळेतून आला की दप्तर खाली ठेवायच्या आधी माझ्या देवघरात डोकवायचा, नैवेद्याचं काय उरलंय बघायला.

बनुबाई : तुमची जीप येशीत दिसली आन मागल्या दारानं मळ्यात गेला.

अंजना : माझी जीप बघून?

आकाराम : त्येचा तुझ्याव राग न्हाई. पर त्येनं मला सांगून ठेवलंय. भांडला न्हाई, वरडला न्हाई. परवा जेवता जेवता म्हणला, आबा, तुमी खुशाल नारळ फोडा, मी आडवा येत न्हाई. पर माझ्या पोराचं तुमाला काय वाटलं ते मला त्याच दिवशी समजलं असं धरीन. शालनला तिच्या म्हायारी सोडतो. तिच्या बापाला सांगतो, पोरगी तरणी हाय, दुसरीकडं द्या. आन मी जातो मुंबैला. मेलो तरी परत येत न्हाई.

अंजना : शालननं ऐकलं हे?

बनुबाई : ती भाकरी थापत हुती की चुलीम्होरं. तव्यावरची करपली, पर उलटली न्हाई तिनं.

अंजना : महादेवा... आणि तू काय ठरवलंस, आका?

आकाराम : तू आली नसतीस तर ठरलं हुतं माझं. न्हाई फोडायचा. आता तू आलीस. पायात न घालता आलीस. दाजी निवडून येईपतोर चप्पल शिवत न्हाईस, ते काय मला ठाऊक न्हाई? आई गेली तवा मी दुधावर हुतो. बा सांगायचा, ह्या पोरीच्या कडंवर वाढलास तू. तुझा शब्द मी कवा मोडला न्हाई. तू म्हण फोड. सकाळी फोडतो.

बनुबाई : आवं!

आकाराम : गप. भन हाय माझी.

अंजना : असं माझ्यावर टाकू नकोस रे.

आकाराम : मग कुणाव टाकू? मागल्या टायमाला मला कुणी सांगितलं न्हवतं. दाजींच्या मनातलं मीच वळखलं आन पोराला घिऊन गेलो. आता वळखायचं न्हाई मला. तुझ्या तोंडानं काय ते सांग.

(अंजना लाडवाची वाटी बाजूला सारते.)

बनुबाई : वन्सं, लाडू तरी घ्या. सकाळधरनं उपाशी हायसा.

अंजना : नको गं. घास उतरायचा नाही. आका, आज पहाटे मी पिंडीवर बेल वाहिला आणि म्हटलं, माझ्या माणसाची लाज राख. एवढंच म्हटलं. आता इथं बसून कळतंय, मी काय मागत होते ते. तो मांडव पुन्हा घाल, असंच मागत होते मी देवाला. आणि पुन्हा तूच पोराच्या खांद्यावर हात टाकायचास, या वेळी माझ्या सांगण्यावरून. नाही फोडायचा नारळ.

आकाराम : दाजी पडतील, आक्का.

अंजना : पडतील.

आकाराम : बासष्टचं येगळं हुतं. तवा तरणं हुतं. ह्या वयात पडलं की कुणी वळून बघत न्हाई.

अंजना : ठाऊक आहे. सकाळी दारात माणसं नसली तर त्यांना चहा जात नाही. सदुसष्टपासून अंगण कधी रिकामं बघितलेलं नाही त्यांनी. काय करतील, देव जाणे. मी बसेन समोर. मला त्यांच्याकडून बदली नको, परमिट नको, मी बसले तर त्यांना कळायचंही नाही की कुणी आलंय. पण बसेन.

बनुबाई : वन्सं, मगाशी मी जे बोलले... पोराबाळाचं... माझी जीभ जळो.

अंजना : असं म्हणू नये सोमवारी. देवानं मला दिलं नाही, म्हणून मानसिंगला मी आपला म्हटला. त्यांनीही आपला म्हटला. आपलं म्हटलेलं द्यायला माणसाला फार सोपं जातं गं.

आकाराम : दाजीस्नी काय सांगशील?

अंजना : झालं ते सांगेन. त्यांच्याशी खोटं कधी बोलले नाही, आता कशाला? आका तयार होता, मी नको म्हटलं. राग धरायचा तर माझ्यावर धरा म्हणेन.

आकाराम : धरतील?

अंजना : गप्प बसतील.

बनुबाई : मानसिंगला हाक मारू का? बांधावच बसलं असंल.

अंजना : नको. आणि मी काय म्हटलं, ते त्याला सांगू नकोस. आत्यानं आपल्यासाठी केलं असं वाटलं तर उगीच ओझं होईल पोराला. बापानं नारळ फोडला नाही, एवढंच त्याला दिसू दे. शालनला सांग... तिला काय सांगणार? काही सांगू नकोस. निघते मी.

बनुबाई : आशा कशा जाशीला? ओटी भरते, थांबा.

अंजना : इथं आतच भर, उंबऱ्याशी नको. जीपजवळ माणसं जमलीत.

आकाराम : चल, येशीपतोर येतो मी.

अंजना : तू बस, आका.

आकाराम : म्हंजी? भनीला वाटंला लावाय बी यायाचं न्हाई? ह्या घरातनं तुला कवा येकली सोडली न्हाई, आक्का.

अंजना : चावडीवरून जावं लागतं रे. तू माझ्याबरोबर चार पावलं चाललास, तरी हे गाव मत देईल.