मंगो एकदा नाही, सारखा सारखा मेला

...आणि वर मलाच विचारतात, "नोएलीन, तुला काही मन आहे की नाही?" आहे हो! भरपूर आहे! पण तुम्हाला सांगते, मी ते टाइप केलंच नाही! एक अक्षर नाही!

आता बघा, इथे ड्युनेडिन शहरात आमची चिमुकली कंपनी. जनावरांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते आणि मी ते तपासते. म्हणजे काय करते? जनावराचं नाव टाइप करा, एंटर. जात, एंटर. आजार, एंटर. कुणी एक बटण इकडचं तिकडे केलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं, एंटर, एंटर, एंटर! माझं मनगट सुजलं, तेव्हा आमचा मालक फर्गस म्हणाला, "अगं, हाताने कशाला? मशीनला शिकव की टाइप करायला."

शिकवलं. आपोआप अक्षरं उमटायला लागली, मी नुसती बघत बसायची... काय सुख होतं! फक्त एक गोम. त्या मशीनला डोळे नाहीत. जी खिडकी पडद्यावर पुढे असेल तिच्यात ते बदाबदा टाइप करणार. म्हणून मी पडद्यावर चिठ्ठी लावायची, 'हात लावू नका', आणि जायची चहाला.

आता त्या मशीनला एक मेलेलं जनावर लागत होतं. का? अहो, ऑपरेशनमध्ये जनावर दगावलं तर बिल बरोबर निघतं का, हेही तपासावं लागतं ना! नाव सुचेना. फर्गसचा म्हातारा कुत्रा कायम माझ्या टेबलाखाली घोरत असायचा, मंगो. टाकलं मंगो. मला काय स्वप्न पडलं होतं की नेमकं त्याच मंगोच्या पायाची गाठ काढायला फर्गस त्याला मॉस्गीलच्या दवाखान्यात सोडून येणार आणि घरी नखं खात बसणार?

मी चहाच्या खोलीत. चीज रोलचा पहिला घास तोंडात. तिकडे फर्गसने मन रमवायला मला मेसेज टाकला, "कसं चाललंय?" झालं! मेसेजची खिडकी टुण्णकन उडी मारून पुढे आली आणि माझ्या मशीनने त्याला उत्तर दिलं.

मंगो. एंटर. कुत्रा. एंटर. ऑपरेशनमध्ये मृत्यू. एंटर. मालकाला कळवायचं? हो. बिल? पूर्ण.

आणि पुन्हा पहिल्यापासून! मंगो. कुत्रा. मृत्यू. पूर्ण. मंगो. कुत्रा...

शेजारच्या टेबलावरचा तेविता ओरडला, "नोएलीन! तुझं मशीन फर्गसशी बोलतंय!"

धावले. तोंडात चीज. चिठ्ठी उपटली आणि टाइप करायला गेले, 'जिवंत आहे', पण मशीन थांबतंय कुठे? माझं एक अक्षर, त्याचं एक अक्षर! गेलं काय? 'जिमृवंत्यूत'! एंटर! शेवटी तेविताने वायरच उपटली.

फोन लावला तर एंगेज. सारखा एंगेज! कारण फर्गस शेजारणीकडे गेलेल्या बायकोला सांगत होता, "इशबेल, गेला गं आपला मंगो. दवाखान्याने ऑफिसात कळवलं असणार. नोएलीनला बिचारीला धड लिहवतही नाहीये, शब्द तुटतायत तिचे..."

तुटत नव्हते हो! आणि मी टाइप केलं नाही!

तेविताने गाडी काढली, फर्गसच्या घराच्या चढावर नुसती पिटाळली. मागच्या अंगणात बघतो तर इशबेल गुडघाभर खड्ड्यात उभी, फावडं चालवतेय, आणि फर्गस मंगोचं पांघरूण छातीशी धरून उभा. एवढा मोठा दाढीवाला माणूस, नाक लाल!

"फर्गस, ऐक! मी टाइप केलं नाही!"

"मग कुणी केलं?"

"मशीनने."

"मशीनला माझा कुत्रा कसा माहीत?"

"...मी सांगितला."

"मेला म्हणून?"

"हो. म्हणजे खोटाखोटा. बिलासाठी."

इशबेल खड्ड्यातून म्हणाली, "फर्गस, हे फावडं धर जरा. मी हिच्याशी बोलते." तेविता हळूच माझ्या मागे सरकला. बघा, सहा फुटाचा माणूस!

तेवढ्यात दवाखान्याचा फोन आला. मंगो शुद्धीवर आलाय, भुकेलाय, न्यायला या. फर्गस तिथेच गवतावर बसला. रडतो की हसतो कळेना. मला म्हणाला, "नोएलीन, तुला कामावरून काढणार होतो." आणि मंगोच्या पांघरुणाला नाक पुसलं. मग म्हणाला, "तो खड्डा तेवढा बुजव."

मशीनला मी सुधारलं. आता दर अक्षराआधी ते बघतं, पुढे आपलीच खिडकी आहे ना? नसली तर गप्प बसतं. फारच शहाणं झालंय.

पण खड्डा! शनिवारी फावडं घेऊन गेले तर पायाला पट्टी बांधलेला मंगो त्या खड्ड्यात पसरलेला! खाली दक्षिणेचा गार वारा लागत नाही ना... डोळे मिटून, पोट वर करून, आरामात. हाक मारली, बिस्कीट दाखवलं. एक कान हलवला फक्त.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून इशबेल म्हणाली, "उठवू नकोस हं त्याला! उठला की बुजव!"

तेव्हापासून दर शनिवारी जाते हो मी. फावडं घेऊन काठावर बसते. तो काही उठत नाही.