मागच्या सीटवरच्या बाई

मी मूळचा नारायण पेठेतला, दोन खोल्यांचं घर, वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, आम्ही भावंडं चार आणि घरात सायकल एक. ती सायकलसुद्धा वडिलांची, आम्ही तिला हात लावायचा तो फक्त पुसायला. आता तुम्ही म्हणाल, गाडीचं विचारलं तर हा माणूस सायकलीवर कुठं घसरला, पण सांगतो ना, सगळं तिथूनच आलंय. वस्तू घ्यायची, पुसायची, जपायची, आणि वापरायची मात्र नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागायचं नाही. वडील स्वतः पावसात छापखान्यात चालत जायचे, का, तर सायकल भिजेल.

मी पिंपरीकडे कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो, कंपनीची बस होती, घरी स्कूटर होती, मग कोथरूडला हा फ्लॅट घेतला आणि मुलगा दहावीला असताना गाडी घेतली. पांढरी. ती विकून मग ही राखाडी, ती खाली उभी आहे ती, कव्हर घातलेली, तुम्ही जिन्याशी पाहिली असेल. तेव्हा सोसायटीत चारच गाड्या होत्या, आता काय, माणसापेक्षा गाड्या जास्त, आणि पार्किंगच्या खांबावर नाव लिहून ठेवलं तरी कुणाचा तरी पाहुणा येऊन लावतोच, विचारलं तर म्हणतो पाचच मिनिटं काका. असो. तर गाडी मी रविवारी काढायचो. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत न्यायची, परत आणायची, पुसायची, कव्हर. गावात जायचं तर स्कूटर. पेठेत गाडी न्यायची म्हणजे लावायची कुठं हो? तीन चकरा मारायच्या, चौथ्या चकरेला जागा दिसली की समोरचा दुकानदार नुसता बघायचा, बोलायचाही नाही, आणि त्या बघण्यानंच आपण गाडी पुढे घ्यायची. मी म्हणायचो, नसता ताप कुणी सांगितलाय.

आणि आमची सुलभा, म्हणजे माझी पत्नी, ती गावातल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका. तिला सगळं कोथरूड बाई म्हणूनच ओळखायचं. ती एकोणतीस वर्षं बसनं गेली. बहुतेक वेळा उभ्यानं. गाडी खाली आणि बाई स्टॉपवर. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, खरं सांगतो, एकदाही वाटलं नाही.

मग ती निवृत्त झाली, मीही झालो होतो, मुलगा बंगळूरला गेला, आणि चार वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग किल्ल्या, मग शेजारच्यांची नावं. डॉक्टर म्हणाले स्मृतिभ्रंश आहे, वाढत जाणार. दुपारी चार वाजले की ती अस्वस्थ व्हायची, पर्स काखेत घ्यायची आणि दाराशी जाऊन उभी राहायची, घरी जायचंय म्हणायची. घरीच आहोत म्हटलं की रडायची. काय करणार, एक दिवस वैतागून मी म्हटलं चल, आणि गाडीत बसवून कर्वे रस्त्यानं डेक्कनपर्यंत नेऊन आणली. आणि काय सांगू तुम्हाला, गाडीत बसल्याबरोबर ती शांत. काचेतून बघत राहिली. परत आल्यावर चहा प्यायली, जेवली, झोपली. तेव्हापासून रोज चार वाजता गाडी. ज्या माणसानं वीस वर्षं रविवार सोडून गाडीला कव्हराबाहेर काढलं नाही तो रोज चार वाजता गर्दीत घालायला लागला. सिग्नलला डावीकडून स्कूटर, उजवीकडून स्कूटर, फूटपाथवरूनही स्कूटर, मागच्याला हिरवा दिवा आपल्या आधी दिसतो आणि तो हॉर्नवर हात ठेवूनच बसतो, पण मला त्याचं काही वाटेनासं झालं. दिवसभरात तेवढाच एक तास ती बरी असायची, आणि ती बरी असली की मी बरा.

एके दिवशी मी तिच्यासाठी पुढचं दार उघडलं तर ती मागे गेली, मागचं दार स्वतः उघडलं, नीट पदर सावरून बसली आणि मला म्हणाली, चला ड्रायव्हर. मी म्हटलं, अगं सुलभा. तर अशी घाबरून बघायला लागली माझ्याकडे, परक्या माणसानं नावानं हाक मारली तर बाईमाणूस कसं बघेल, तसं. मी दार लावलं, पुढे जाऊन बसलो आणि विचारलं, कुठं घ्यायची बाई? तिचा चेहरा सैल झाला. म्हणाली, घ्या जरा गावातून. झालं, त्या दिवसापासून मी ड्रायव्हर. घरातही ती मला नवरा म्हणून ओळखायची असं नाही, घरात मी कोण ते तिला कळतच नव्हतं, कधी भाऊ, कधी स्वयंपाकी. गाडीत निदान माझं काहीतरी पक्कं होतं.

आणि ड्रायव्हरशी ती बोलायची. माझ्याशी अख्ख्या संसारात बोलली नाही इतकं बोलायची. म्हणाली, आमच्या ह्यांचीही गाडी आहे हो, पण ती कव्हराखाली असते. मला एकदा शिकायची होती, एका रविवारी मैदानावर नेलं त्यांनी, आणि क्लच क्लच म्हणून असे ओरडले, माझ्या वर्गातल्या दोन मुली तिथं खेळत होत्या, त्यांच्यासमोर. मी उतरले आणि चालत घरी आले, आणि पुन्हा कधी म्हणून नाव काढलं नाही. अहो, ही गोष्ट मी पाहुण्यांना हसत हसत सांगायचो. आमची ही कशी रागावून चालत घरी आली, असं. तीसुद्धा हसायची, चहाचा ट्रे घेऊन. त्या मुलींचं मला कधी माहीतच नव्हतं. मी आरशात बघितलं, ती बाहेर बघत होती. मी म्हटलं, बाई, चुकलं हो त्यांचं. तर म्हणाली, ते असं कधी म्हणायचे नाहीत. मी गाडी नळ स्टॉपच्या पुढे बाजूला घेतली, डोळे पुसल्याशिवाय पुढचं दिसेना. ती म्हणाली, काय झालं, गाडी बिघडली का? म्हटलं, नाही बाई, काच पुसतो.

एकटं एकटं म्हणतात ना, ते मला बायको गाडीत असताना कळलं.

आता कसब्याची गोष्ट. तिचं माहेर कसबा पेठेत, तिथल्या एका भडभुंज्याकडचे गरम फुटाणे तिला फार आवडायचे, आणि दोन दिवस ती त्यांचंच नाव घेत होती. आदल्या दिवशी गेलो तर दुकान बंद. त्या बोळात गाडी जात नाही, म्हणून मोठ्या रस्त्याला लावली होती. आता तुम्हाला माहीत आहेच, आपल्याकडे विषम तारखेला रस्त्याच्या या बाजूला लावायची आणि सम तारखेला त्या बाजूला. पाट्या असतात. मी आयुष्यभर लोकांना हसलोय, तारीख कळत नाही आणि गाडी चालवतात म्हणून. आदल्या दिवशी लावली होती ती बाजू माझ्या लक्षात होती. म्हणून दुसऱ्या दिवशी मी अगदी शहाण्यासारखी समोरच्या बाजूला लावली. काल ती बाजू, आज ही. सरळ हिशेब. फक्त काल होती एकतीस तारीख, आणि आज एक. दोन्ही विषम. लोकांना हसणाऱ्या माणसाचा हा असा निकाल.

खिडकी थोडी उघडी ठेवली, तिला म्हटलं बाई, दोन मिनिटांत आणतो. दुकानात थोडी रांग होती. पुडी घेऊन बोळातून बाहेर आलो तर गाडी नाही. गाडीच्या जागी नुसता रस्ता. आणि सुलभा नाही. पुडी कुठं पडली ते आजतागायत माहीत नाही. हाक तरी काय मारणार, सुलभा म्हणून हाक मारली तर ती ओ देईल याची खात्री नाही. मी त्या भर रस्त्यात बाई, बाई म्हणून ओरडत होतो आणि चार अनोळखी बाया वळून बघत होत्या.

पुढच्या कोपऱ्यावर ती दिसली. फूटपाथवर, एका दुकानदारानं दिलेल्या स्टुलावर, पर्स मांडीवर. शेजारी वाहतूक हवालदार उभा, तरुण मुलगा, तिच्यासाठीच थांबलेला. त्यानं तिला आधी उतरवून नीट बसवलं आणि मग गाडी उचलायला दिली. मी धावत गेलो. तो म्हणाला, आजी सांगतायत ड्रायव्हर सोडून पळून गेला. ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, हाच तो. हवालदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, तुम्ही कोण यांचे? आता बघा. नवरा म्हटलं असतं तर ती तिथं आरडाओरडा करणार, आमचे हे ऑफिसात आहेत म्हणणार, माझ्याबरोबर येणार नाही. आजूबाजूला माणसं जमलेली. पन्नास वर्षं ज्या शब्दाचं मला काही वाटलं नाही तो शब्द तोंडाशी आला आणि मी गिळला. म्हटलं, मी यांचा ड्रायव्हर. ती उठली. म्हणाली, असं बाईमाणसाला टाकून जायचं नसतं. म्हटलं, चुकलो बाई.

मग तो लायसन बघतो म्हणाला. दिलं. त्यावरचा पत्ता आणि मी तिच्या पर्समध्ये लिहून ठेवलेल्या चिठ्ठीवरचा पत्ता एकच, आडनावही एकच, ते त्याला कळलं असणार, पण त्यानं काही विचारलं नाही. मला जरा बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, आजोबा, हे संपलंय. मला माहीत होतं. दोन महिने झाले होते. नूतनीकरणाला डोळ्यांचा दाखला लागतो म्हणून मी टाळत होतो. आम्ही रिक्षानं घरी आलो, ती सरकून बसली, पर्स दोघांच्या मध्ये ठेवली. गाडी सोडवून आणली तळमजल्यावरच्या कुलकर्ण्यांच्या सुनेनं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सही केली नाही. काचबिंदू आहे, डाव्या बाजूचं तुम्हाला दिसत नाही, म्हणाले, कुणाला तरी माराल. मी भांडलो नाही. गाडीवरचे ओरखडे सगळे डाव्या अंगाला आहेत, मला कळत नव्हतं थोडंच. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, तासावर ड्रायव्हर मिळतो, तो बोलवा. बोलावला. चांगला मुलगा होता. सुलभानं त्याला बघितलं आणि विचारलं, आमचा ड्रायव्हर कुठाय? मी पुढे त्याच्या शेजारी बसून बघितलं, तिच्याशेजारी मागे बसून बघितलं, तर म्हणाली, हे ड्रायव्हर मागे का बसलेत, आणि दार उघडून उतरली. तीनदा बोलावलं, तीनदा परत पाठवलं. मग मुलगा म्हणाला, विकून टाका. मी म्हटलं, बघू.

विकली नाही. आता रोज चार वाजता आम्ही खाली येतो, मी कव्हर काढतो, मागचं दार उघडतो, ती बसते, मी पुढे बसतो आणि किल्ली फिरवतो. गाडी जागेवरच असते. चालू ठेवतो थोडा वेळ, तिला तो आवाज लागतो, पार्किंग सगळं मोकळं आहे म्हणून धुराचं काही नाही, वरचे जोशी तेवढे कुरकुरतात. ती विचारते, का थांबलो? मी सांगतो, सिग्नल आहे बाई. ती बरं म्हणते. समोर भिंत आहे, खांब आहे, कुणाच्या तरी सायकली आहेत, तेच बघत बसते. तिला तेवढ्यानं बरं वाटतं, म्हणून मला तक्रार नाही.

परवा मात्र बराच वेळ झाला, आणि ती पुढे वाकून म्हणाली, ड्रायव्हर, तुमच्या घरी कोण आहे? मी म्हटलं, बायको आहे. म्हणाली, काय करते? म्हटलं, शिक्षिका होती. मग म्हणाली, हा सिग्नल काही सुटत नाही आज, तुम्ही जा घरी, ती एकटी असेल. मी म्हटलं, तुम्ही? तर म्हणाली, माझं काय, मला सवय आहे, मी बसते.

मी गेलो नाही. साडेपाचपर्यंत बसलो दोघंही.