समुद्र घरी नव्हता

समुद्राचा विषय निघालाय म्हणून सांगतो. साठ-एकसष्टची गोष्ट. मी डॉक्टरेटसाठी जर्मनीत होतो आणि मालवण सोडल्यापासून दोन वर्षांत मला समुद्र दिसला नव्हता. माझी घरमालकीण फ्राऊ पेटर्सन एका रविवारी मला तिच्या माहेरी घेऊन गेली, उत्तरेच्या किनाऱ्याजवळच्या एका खेड्यात. तिच्या म्हाताऱ्या वडिलांनी मोठ्या हौसेनं मला सगळं दाखवलं. पवनचक्की झाली, चर्च झालं, दीपगृह झालं.

"समुद्र शेवटी," आजोबा म्हणाले.

शेवटी बांधावर चढलो, तर समोर क्षितिजापर्यंत नुसता चिखल! ओहोटी मी जन्मापासून पाहिलेली, पण अख्खा समुद्रच नाहीसा? माझा चेहरा पडला. आजोबा तर असे ओशाळले, जणू घरातलं माणूस पाहुण्याला न भेटताच निघून गेलं.

"येईल. चार तासांत येईल."

"बाबा, त्यांची पाचची बस आहे," फ्राऊ पेटर्सन म्हणाली.

"बस उद्याही आहे!"

मग मी आणि आजोबा तिथेच गवतावर बसून राहिलो. बस गेली. संध्याकाळी पाणी खरंच बांधापाशी आलं. आजोबांनी टोपी काढली आणि रीतसर ओळख करून दिली, "हा आमचा समुद्र."

माझे डोळे भरून आले. त्यांना दिसू नये म्हणून मी वाकलो, ओंजळभर पाणी घेतलं, चाखलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आमच्यापेक्षा जरा अळणी आहे."

आजोबा अगदी मनापासून म्हणाले, "माफ करा हो, यंदा पाऊस फार झाला."