ओळीतला पह्यला

नाई, मले एक सांगा राजेहो, माणूस आपल्या ओट्यावर बसून बशीतला चहा फुंकून फुंकून पिऊन राह्यला, अन् फाटकातून पुलगावचे पाव्हणे आत येतात, बायाईच्या डोळ्याले पदर, माणसाईचे चेहरे पडलेले, अन् त्यालेच इचारतात, 'कवा झालं जी?'... आता काय सांगावं त्या माणसानं? 'अजून व्हायचं आहे, बसा' असं सांगावं?

तो माणूस म्हणजे माहे मोठे बाबा. नानाजी. माह्या बाबाचे सख्खे मोठे भाऊ, राहणार नालवाडी, तब्येत ठणठणीत, आवाज असा का तिकडं खोकलले त इकडं बोरगाव मेघेत आमच्या घरी कुत्रं उठून बसावं. अन् त्याईले मारलं कोणी? मी! त्याईच्या लाडक्या पुतण्यानं, गोपालनं! तेही कम्प्युटरवर, आफिसचं काम करता करता! अन् कम्प्युटरले बोलावं त ते काय चुकलं? सांगतलं तेवढंच केलं त्यानं. ओळीतला पह्यला!

थांबा, तुमाले असं नाई समजणार. माह्या मायलेही समजलं नाई. आधी माहं काम सांगतो.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करतो. ती कंपनी एक एडिटर बनवून राह्यली. एडिटर म्हणजे पेपरवाला नाई, बाप्पा! प्रोग्राम. काळा पडदा, त्याच्यावर हुकूम टाइप करायचा. फाईल उघडायची नाई, आत डोकावायचं नाई, इकडून मजकूर आत, ओळीमागून ओळ, चक्कीत दाणे जातात तसा, अन् तिकडून बदलून बाहेर, नाई त म्हटलं त त्याच फाईलीत परत. 'गहू' काढ, 'ज्वारी' टाक, असं म्हटलं का टाकते. पण त्याचा एक नियम आहे. असल्या सगळ्या एडिटराईचा आहे, जुन्या काळापासून. नुसतं 'बदल' म्हटलं त ओळीत तो शब्द जिथं पह्यल्यांदा सापडन, तेवढाच बदलते. मागच्याईले हात लावत नाई. सगळे बदलायचे असन त तसं वेगळं सांगा लागते. नाई सांगतलं त... ओळीतला पह्यला!

अन् माहं काम काय? तो बरोबर चालते का नाई ते पाह्यणं. त्याच्यासाठी मी शेल स्क्रिप्टा लिहितो. शेल स्क्रिप्ट म्हणजे हुकमाईची एक फाईल, परीक्षा घेणाऱ्या मास्तरासारखी. एडिटरले एक ओळ देते, 'हे घे, बदल', मंग उत्तर पाहते, पाहिजे ते आलं त पास, नाई त फेल. दिवसभर माह्या खोलीतून फोनवर आवाज, 'फेल झालं... हेही फेल... हो हो, सगळे फेल!' बाजूच्या मनकर्णाबाई माह्या मायले हळूच म्हणे, 'पोट्ट्याले जास्त बोलू नका वो, आजकालची पोरं मनाले लावून घेतात.' आता त्याईले कसं सांगू का प्रोग्राम फेल झाला का मले शाबासकी भेटते!

बरं, घरात माह्या बहिणीचं, वर्षालीचं, लग्न. पत्रिकेचा मजकूर टाइप करायचा कोणी? त ज्याच्याजवळ कम्प्युटर, त्यानं. मी वरचा मजकूर एका फाईलीत टाकला, अन् खालचं 'आपले विनीत' वेगळ्या फाईलीत. काऊन वेगळ्या? कारण तिथं युद्ध सुरू होतं! बाबा म्हणे, 'पोरीचा बाप मी, माहं नाव पह्यले.' अन् नालवाडीहून नानाजीचा फोन, 'मी जित्ता असताना तान्याचं नाव पह्यले? मी का मेलो?'

आता बाबा, म्हणजे नानाजीचा तान्या, अन् नानाजी कसे, सांगतो. नानाजीनं शाळा सोडली, पुलगावच्या मिलमधी पाळी केली, म्हणून माहे बाबा शिकले, सरकारी नोकरीत लागले. बाबानं आजपर्यंत नानाजीसमोर खुर्चीवर पाठ टेकवली नाई. त किती वेळ टिकतीन? दुसऱ्या दिवशी मले म्हणे, 'दादाचं नाव पह्यले टाक बाबू. त्याईच्यामुळंच त आपण आहो.' म्हटलं बरं. सगळ्या घराची नावं एकाच ओळीत टाकली, म्हणजे वरचा कोण अन् खालचा कोण हे लफडंच नको! 'श्री. नानाजी, सौ. आनंदाबाई, श्री. तानबा, श्री. अंकुश...' सगळे एका रांगेत, अन् पह्यल्या जागेवर नानाजी. नानाजी खुश, बाबा खुश, मी खुश.

अन् नेमके त्याच दिवशी आमचे पुण्याचे साहेब, धर्मेंद्र सर, फोनवर म्हणतात, 'गोपाल, इंग्रजीवर झालं सगळं, आता देवनागरी मजकुरावर पण टेस्ट घे. एका ओळीत तोच शब्द तीन-चारदा येईल असं काहीतरी शोध.' आता तुमीच सांगा, समोर पत्रिकेची ओळ उघडी, तिच्यात श्री., श्री., श्री... मी कुठं शोधायले जाऊ? देवानंच पाठवलं वाटलं मले! 'श्री.' च्या जागी काय टाकावं? वरच्या मजकुरात आजोबाच्या नावाआधी 'स्व.' होतं, ते डोळ्यासमोर आलं, टाकलं. माह्या मनात काही नव्हतं हो! आईशपथ काही नव्हतं! नुसतं श्री. काढ, स्व. टाक. टेस्ट काय? त फक्त पह्यला बदलला पाहिजे, बाकीचे जसेच्या तसे. चालवली... हिरवं अक्षर आलं, पास!

अन् हे मूळ फाईलीवर नाई चालवलं मी, एवढा येडा नाई. पण... कॉपी करा लागत होती, अन् मी कॉपी नाई केली, शॉर्टकट ठेवला. म्हणजे नावापुरती दुसरी फाईल, आतून बोट मूळ फाईलीकडं. जुन्या एडिटरात चालते तसं! तो शॉर्टकट मोडून तिथं नवी फाईल बनवते, मूळ फाईल सुखरूप. इतके वर्ष त्याच भरवशावर जगलो मी. अन् हा नवा लेकाचा शॉर्टकट धरून थेट आत घुसला, मूळ फाईलीत जाऊन नानाजीले स्वर्गात पाठवून आला, अन् बाहेर येऊन मले सांगते, पास!

संध्याकाळी बाबा त्या दोन्ही फाईली पेन ड्राईव्हमधी घेऊन प्रेसमधी गेले. छापून आली पत्रिका. तुमी म्हणान, कोणी वाचली नाई? अहो, पत्रिका वाचते कोण? ज्याले त्याले आपलं नाव पाहा लागते! वर्षालीनं आपलं पाह्यलं, नवरदेवाचं पाह्यलं, लाजली. बाबानं आपलं पाह्यलं, बरोबर आहे म्हणे. अंकुशकाकानं आपलं पाह्यलं. मोठ्या बाबाचं नाव पाहणारा एकच माणूस होता जगात, अन् त्याईले पत्रिका दिलीच नाई, घरच्या माणसाले कुठं पत्रिका देतात? प्रेसवाल्याले मागून इचारलं, त तो म्हणे, 'मले वाटलं तुमच्याकडं तशीच पद्धत असन, गेलेल्या मोठ्या माणसाचं नाव वर लिहाची. मले त बरंच वाटलं.' आता काय बोलान!

सगळीकडं वाटून झाल्या. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव... अन् मंग ते पाव्हणे नालवाडीले आले.

'कवा झालं जी?' म्हणे. नानाजी म्हणे, 'काय कवा झालं? कोण गेलं?' पाव्हण्याईले घाम. एकानं खिशातून पत्रिका काढून हातात देल्ली. नानाजीनं चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. आतून मोठी आई, आनंदाबाई, पाणी घेऊन आली, तिनंही वाचलं, अन् तिथंच म्हणते, 'माह्या नावापुढं सौ. आहे. मी सौभाग्यवती आहो. तुमी आपलं पाहून घ्या.'

हासू नका राजेहो! मलेही हासू आलतं पह्यले. मंग बाबा नालवाडीहून परत आले, अन् माहं हासू गेलं.

बाबा माफी मांगाले गेलते. फाटक बंद. बाहेरून 'दादा, दादा' करून राह्यले. नानाजी आत बसून, आनंदाबाईले मोठ्यानं सांगतात, 'त्याले सांग, मेलेला माणूस फाटक उघडत नसते. पह्यलं नाव मांगतलं म्हणून मारलं त्यानं मले. मिलमधी जवा कापूस नाकातोंडात जाये ना, तवाच मरा लागत होतं मी, म्हणजे त्याची पत्रिका मोकळी राह्यली असती.' बाबा घरी आले अन् खाटेवर बसले. जेवले नाई. उरलेल्या पत्रिकेचा गठ्ठा मांडीवर, अन् पेन घेऊन एकेका पत्रिकेवर 'स्व.' खोडून 'श्री.' लिहून राह्यले, अन् एकीवर त खोडलं ते नानाजीचं नावच! माह्याच्यानं पाहवलं नाई. खरं सांगतो, त्या दिवशी मले माह्या कामाचा राग आला. काय अशी नोकरी, का एक ओळ चालवली अन् दोन भाऊ तुटले?

मी गेलो नालवाडीले. म्हटलं, 'मोठे बाबा, बाबाले काहीच माईत नाई. चूक मशीनची आहे.' नानाजी म्हणे, 'मशीन आपल्या मनानं माणूस मारते का बे? तुह्या साहेबाले सांग, मले फोन कर. त्यानं सांगतलं का चूक मशीनची, त मी लग्नाले येईन. नाई त पत्रिकेत छापलं तेच खरं समजजो.'

आलं का ध्यानात? आता वर्षालीच्या लग्नात मोठे बाबा येतीन का नाई हे पुण्याच्या कंपनीवर! मी लगेच कंपनीच्या साईटवर तक्रार टाकली, 'शॉर्टकट दिला असता एडिटर मूळ फाईल बदलतो, गंभीर चूक.' ज्या बाईनं हा एडिटर बनवला, नंदिनी मॅडम, त्याईनं चहा संपायच्या आत तक्रार बंद केली, 'चूक नाही. असंच चालायला हवं. माहितीपुस्तिका वाचा.' मी पुन्हा उघडली. त्याईनं पुन्हा बंद केली. मी उघडली, लिहिलं, 'अत्यंत गंभीर!' त्याईनं बंद केली, 'कोणाचं नुकसान झालंय?' आता काय लिहू? 'एक मयत'?

धर्मेंद्र सराईचा फोन आला. 'गोपाल, काय चाललंय? तू खऱ्या डेटावर टेस्ट घेतलीस का?' म्हटलं, 'सर, डेटा नाई, मोठे बाबा.' अन् सगळं सांगतलं, पह्यल्यापासून. सराईनं नानाजीचा नंबर लिहून घेतला. मंग म्हणे, 'कधी फोन करू त्यांना?'

दुसऱ्या दिवशी नालवाडीले ओट्यावर मी, नानाजी, मोठी आई, फोन स्पीकरवर. बाबाही आलते, पण फाटकाच्या बाहेर, स्कूटरजवळ उभे. सर म्हणे, 'नमस्कार काका. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. चूक आमच्या...' अन् मागून नंदिनी मॅडमचा आवाज, 'सर, आपली चूक नाहीये! प्रोग्रामनं सांगितलं तेच केलं!' मले वाटलं, झालं, आता तेरवीच करा.

पण नानाजी फोनजवळ सरकले. 'बाई, तुमीच सांगा. काय सांगतलं होतं मशीनले?' मॅडम म्हणे, 'ओळीत जो पहिला श्री. असेल, तेवढाच बदल, असं.'

'म्हणजे मशीनले माहं नाव माईत नव्हतं?'

'नाही काका. तिला नावं समजतच नाहीत. फक्त ओळीतला पहिला.'

नानाजीनं चष्मा काढून हातात घेतला. आनंदाबाई त्याईच्या तोंडाकडं पाहे. मी फाटकाकडं. मंग नानाजी हळू आवाजात म्हणे... त्याईचा हळू आवाज मी जन्मात पह्यल्यांदा ऐकला... 'तान्याचं नाव पह्यले असतं, त तान्या मेला असता?'

'हो काका. पत्रिकेत.'

'मंग बरं झालं,' नानाजी म्हणे, 'मी पह्यला होतो.' अन् उठले, फाटकाजवळ गेले, कडी काढली, 'तान्या, भाईर काऊन उभा आहे? आत ये, चहा थंडा होऊन राह्यला.' बाबा आत आले अन् नानाजीच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरावाणी रडले. मलेही रडू आलं. फोन सुरूच होता, तिकडं पुण्यातही कोणीतरी नाक ओढलं, पण मॅडमनं तक्रार काई उघडली नाई.

लग्नाले आले नानाजी. फेटा बांधून पह्यल्या रांगेत बसले, अन् जो तो जाऊन पाया पडे, हात लावून पाहे, गरम आहेत का नाई.

तुमाले वाटन, संपलं. कुठचं संपते हो! आता माहं जमलं, पोरगी सेलूची आहे. पत्रिका करायची म्हटली, का दोघाईचं भांडण सुरू, तेच! नानाजी म्हणे, 'पह्यलं नाव माहं टाक, तान्याले पह्यल्या जागेवर बसवशीन त खबरदार, मशीनचा काई भरवसा नाई.' बाबा म्हणे, 'दादाले दुसऱ्यांदा मारतं का बे? काई झालं त मले होऊ दे, माहं टाक.' आवाज असे का मनकर्णाबाई पुन्हा मधात पडाले आली. मी कटाळलो. म्हटलं, जाऊ द्या, पत्रिकाच नको. कोर्टात जातो, रजिस्टर लग्न करतो, तिथं ओळ नाई, विनीत नाई, साक्षीदार सह्या करतात अन् घरी जातात. दोघाईनं भांडण सोडलं, अन् नानाजी रातच्याले आमच्याकडंच राह्यले. मले वाटलं, सुटलो एकदाचा!

सकाळी उठून पाहतो त दोघंही आंघोळ करून, कपडे घालून, खिशाले पेन लावून अंगणात उभे, अन् दोघंही एका आवाजात, 'पह्यली सही माही!'